बदली

मला खुर्चीत बसवायचे तेव्हा सव्वापाच झालेले असत.
कार्यक्रम आठला. तोवर दिव्यांना
एक चेहरा लागायचा, कुणाचाही,
फक्त उंची जमली पाहिजे.
व्हेरेना डेल पाच फूट चार. मी पाच फूट चार.
टाइपरायटरवर झाकण घालून मी खाली स्टुडिओत जायचे,
क्लीव्हलंड, एकोणीसशे चौपन्न,
फुलदाणीत कागदाची फुलं,
कारण खरी पहिल्याच आठवड्यात शिजली होती.

ओठांना तपकिरी रंग. लाल लावला तर
कॅमेऱ्याला तोंडाच्या जागी भोक दिसतं,
असं मेकअपवाली अ‍ॅग्नेस सांगायची.
मिस्टर प्रॅदर निळा शर्ट घालत,
घरोघरी तो पांढरा दिसावा म्हणून.
आईला हे सांगितलं तर म्हणाली,
मग पांढऱ्या शर्टांचं काय करतात?

प्रॅदर मला तेच प्रश्न विचारत, घसा मोकळा करायला.
उत्तराकडे लक्ष नसायचं. नजर घड्याळावर.
मिस डेल, लहानपणीचं घर आठवतं?
मी म्हणायचे, हो.
दोन नंबरचा कॅमेरा, जरा डावीकडे.
मिस डेल, प्रेमाबद्दल काय सांगाल?
अजून ठरलं नाही. केबलवाले हसत.
मिस डेल, भीती कशाची वाटते?

त्या दिवशी का कोण जाणे, खरं बोलले.
म्हटलं, अवेळी वाजणाऱ्या भोंग्याची.
पाळी सुटायला दोन तास असतात आणि तो वाजतो,
आणि आमच्या गल्लीतल्या बायका पेटती शेगडी तशीच टाकून
पोलाद कारखान्याच्या फाटकाकडे धावतात.
परत येतात तेव्हा
भांड्याच्या बुडाशी जे लागलेलं असतं,
त्याचा वास मला अजून ओळखता येतो.

प्रॅदर म्हणाले, छान, आवाज ठीक आहे.
कुणीतरी खडूची खूण पुसून पुन्हा काढली.

दाराआड मिस डेल केसांना क्लिपा लावून बसली होती.
ते दार नीट लागत नसे.

आठ सतरा. मी पडद्यामागे, वायरींच्या वेटोळ्यात.
मिस डेल, भीती कशाची वाटते?
तिने हातमोज्याचं एक बोट ओढलं, सोडलं
आणि म्हणाली, भोंग्याची.
ती वाढली संत्र्यांच्या बागेत; मासिकात फोटो होते,
घोड्यासकट.
शेगडी, फाटक, बुडाशी लागलेलं, सगळं क्रमाने,
फक्त माझ्यापेक्षा सावकाश,
आणि वास या शब्दाआधी एक श्वास
जो मला सुचला नव्हता.
राग आला का? आला.
पण आधी अंगावर काटा आला.
हे मी कुणाला फारसं सांगत नाही.

आई फ्लीट अ‍ॅव्हेन्यूवर रेडिओच्या दुकानापुढे उभी होती,
मीच म्हटलं होतं, माझी खुर्ची दिसेल.
काचेतून आवाज येत नाही.
रात्री सूप वाढताना म्हणाली,
उशी ओळखली तुझी, एका अंगाला दबलेली.
बाई देखणी आहे.
मध्येच थांबली बोलता बोलता,
दाढ दुखत असावी.

त्याची फिल्म कुणी काढली नाही.
तेव्हा सगळं हवेतून जायचं आणि हवेतच राहायचं.

पत्रं मात्र आली. नऊशे चौदा.
उत्तरं टाइप करायचं काम अर्थात माझं:
मिस डेल आपली ऋणी आहे, सोबत सहीचा फोटो.
सहीही मीच करायचे,
तिचं आडनाव मला तिच्यापेक्षा बरं जमायचं.

एक पत्र यंग्जटाउनहून, पेन्सिलीने,
किराणाच्या बिलामागे:
बाई, तुम्हाला कसं कळलं?
आमच्याकडे त्या दिवशी बटाटे होते.

त्या एकीला फोटो पाठवला नाही.
हाताने लिहिलं, आमच्याकडे कोबी.
खाली नाव, पूर्ण, शार्लोट ह्रुश्का,
आणि तिकिटाचे तीन सेंट
माझ्या पाकिटातून.