मापात पाप

बोहरी आळीत वडिलांचं तराजूदुरुस्तीचं दुकान होतं,
दीड खणाचं.
वर्षातून एकदा वजनमापं खात्याचे खोतसाहेब यायचे,
मखमली डबीतून पितळी वजनं चिमट्यानं काढायचे.
बोट लावू नका, घामालाही वजन असतं.
मी विचारलं, ह्यांचं वजन कोण करतं?
मुंबईला मोठी डबी आहे.
तिचं?
वडील म्हणाले, तस्नीम, साहेबांना पाणी आण.

पाणी आणलं.
प्रश्न तिथेच राहिला, पायरीवर.

आता गणेशखिंडीत, तळमजल्यावरच्या काळोख्या खोलीत
दोन फटींकडे मी एकेक फोटॉन सोडते.
पडद्यावर एक ठिपका. बऱ्याच वेळानं दुसरा.
पहाटेपर्यंत पट्टे.
कुठल्या फटीतून आलास, एवढं विचारलं
की पट्टे गेले.
समीकरण म्हणतं: दोन्ही.
काटा म्हणतो: ही.
ह्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत
माझी एकतीस वर्षं गेली.
गाईड म्हणायचे, उत्तर जुळतंय ना? मग पुढचं गणित घ्या.
जुळतं. आठव्या दशांशापर्यंत जुळतं.
तेच तर.

ह्या शहरात फाटकाफाटकावर पाट्या आहेत.
पण जग इथे संपतं, उपकरण इथून सुरू,
अशी पाटी कुणी लावलेली नाही.
काटाही अणूंचाच. माझा डोळासुद्धा.

तत्त्वज्ञान विभागातले खांबेटे टपरीवर म्हणाले,
तराजूनं सोनं तोललं, तर तराजू प्रमाण.
त्याच सोन्यानं तराजू तपासला, तर तराजू प्रमेय.
जुन्या नैयायिकांना ह्यात काही वावगं वाटलं नाही.
आधी एक, मग दुसरं.
म्हटलं, आणि एकाच क्षणी?
तोलता तोलता तोच तोलला जात असेल तर?
खांबेट्यांनी चहा बशीत ओतला.
फुंकर मारायचे राहिले.
मग म्हणाले, उद्या सांगतो.
ह्याला सात वर्षं झाली, आम्ही रोज भेटतो.

दुकान गेलं. तिथे आता मोबाईलची कव्हरं.
एक तराजू मी ठेवून घेतलाय, सोनारी, काचपेटीतला.
वडील तोलायला बसले
की काटा थिरावेपर्यंत श्वास धरायचे.
श्वासानं पारडं हलतं, म्हणायचे,
आणि मग वाटतं, मालच हलका होता.

काल रात्री यंत्र सुरू केलं, दिवा मालवला.
फोटॉनला माझ्या श्वासाशी काही देणंघेणं नाही,
हे मी दरवर्षी मुलांना शिकवते.
तरी धरला.