शेवटचं पाणी

नऊ वर्षं रविवारचं सदर.
गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत, सातशे शब्द.
ताप असला तरी. घर बदलत असलो तरी.
वडील आयसीयूत होते
तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून लिहिलं, त्यांच्यावरच.
तो लेख फार छान उतरला, सगळे म्हणाले.

मग एका गुरुवारी
मी 'पाणी' हा शब्द लिहिला
आणि तो नुसताच पडून राहिला,
झाकण ठेवलेल्या रिकाम्या पातेल्यासारखा.

आगरवाड्यात भाड्याची खोली मिळाली.
खिडकीतून शापोरा दिसते,
म्हणजे आधी मिठागरं, मग बांध, मग नदी.
सगुण मिठगावकर, वय एकाहत्तर,
गुडघ्यांचं वय त्याहून जास्त,
पावसाचं उरलेलं पाणी बाहेर काढून
उघड्या तळावर चालत होता.
मला वाटलं, काहीतरी हरवलंय त्याचं.

चालणं हेच काम होतं.
पायांनी चिखल मळायचा, दाबायचा, वाळू द्यायचा,
दुसऱ्या दिवशी पुन्हा.
आठवडेच्या आठवडे. मिठाचा कणही नाही.
कंटाळा नाही येत? मी विचारलं.
"तळ घट ना जाल्यार मिठाक माती लागता,"
तो म्हणाला, आणि वळला, कोपऱ्यातून परत.

त्या दिवसांत मी अजून आकडे मांडायचे वहीत:
दोनशे दहा. तीनशे चाळीस. शून्य. शून्य.
शून्याला मी गोल करायचे दोनदा,
शिक्षा केल्यासारखं.

मानशीची दारं मात्र कुणी हाक न मारता
भरती-ओहोटीच्या धक्क्यानं हलायची.
तिथे एक धीवर बसायचा, निळा,
तासातून एकदा सूर मारायचा,
पुष्कळदा रिकामा परतायचा,
आणि पंख झटकून पुन्हा तिथेच.

मार्चात एका सकाळी
कोंडीतल्या पाण्यावर साय धरली.
सगुणनं फळं हातात घेतलं,
इतक्या हलक्यानं ओढलं
की झोपलेल्या मुलाचं पांघरूण काढतोय जणू.
आज ही कोंडी. ती पलीकडची परवा.

खाली अजून पाणी होतं.
मी म्हटलं, राहू दे की दोन दिवस ऊन्हात,
अजून मीठ निघेल.
तो हसला. "चाखून पळय."
बोट बुडवलं, जिभेला लावलं.
कडू. पार घशापर्यंत कडू.
"सगळें आटयलें जाल्यार मीठूय कडू जाता.
हें उदक दवरचें न्हय, सोडून दिवचें."
त्यानं कुदळीनं बांधाची एक ओंजळ माती काढली
आणि ते पाणी, घाई न करता, चरात उतरलं.

मी बांधावर बसून राहिले.
ऊन चढलं. चप्पल तापली.
बाकावर बसून लिहिलेला तो लेख आठवला,
त्यातलं प्रत्येक वाक्य,
आणि आत काचेपलीकडे
ज्यांच्याकडे बघायचं राहिलं ते.

पैसे कमी आहेत. हे लिहून ठेवते,
कारण सावकाश जगण्याच्या कवितांत
सहसा घरभाडं नसतं.
पतसंस्थेचा वार्षिक अहवाल तपासते,
ऱ्हस्व-दीर्घ, 'अध्यक्षीय मनोगता'तली विरामचिन्हं.
भाड्यातलं थोडं त्यातून सुटतं,
थोडं राहतं, घरमालकीण नावेलीनबाय बोलत नाही,
फक्त अंगण जरा जोरात झाडते.

पुण्याहून फोन आला: दिवाळीला काही देताय ना?
म्हटलं, जूनपासून आगर पाण्याखाली असतं.
हॅलो, हॅलो, ते म्हणाले, आवाज तुटतोय.

आता सकाळी लिहिते. आठ ओळी, कधी अकरा.
पुढची ओळ डोक्यात स्पष्ट दिसत असते
तेव्हाच उठते.
सुरुवातीला जीव तुटायचा. अजूनही कधी तुटतो.
एकदा अशी सोडलेली ओळ परत आलीच नाही.
गेली असेल नदीत.

सगुणनं पिशवीभर मीठ दिलंय,
जाडं, राखाडी, जरा ओलसर.
आमटीत अंदाज चुकतो अजून माझा.