दुरुस्तीची पावती

एक नग सुरी, म्यानासकट.
मुठीला शिंग, म्यानावर चांदीचा पत्रा,
पोवळी चार, फिरोजे पाच,
पैकी एक गळालेला.
पुढं नाव : देचेनबाई, स्वेटरवाल्या.
मुक्काम विचारला तर म्हणाली, मुंडगोड लिहा.
मी पेन टेकवला तोच म्हणाली,
राहू द्या, नुसतं स्वेटर मार्केट लिहा.

त्या साली कृषी विद्यापीठात पारा पाचावर गेला,
गांधी पार्काशी माणसं टायर जाळून शेकत होती,
आणि तिचे मफलर दुपारीच संपत.

मी चाळीस वर्षं जोडवी घडवतो. वाळे, साखळ्या,
देव्हाऱ्यातले टाक.
नखाएवढ्या पत्र्यावर देवांना डोळे दिलेत मी.
पण असलं जनावर पाहिलं नव्हतं :
म्यानाला विळखा घातलेलं, मिशाळ, चार नख्यांचं,
आणि जबड्यातला खडा गेलेला.
"साप हाय का काय?" प्रयागनं आतून येऊन विचारलं.
"पाऊस आणतो," देचेनबाई म्हणाली.
प्रयागनं पदर सावरून हात जोडले.
आमच्याकडं पाऊस आणणाऱ्याला
गाव विचारत नाहीत.

ती गेल्यावर कसोटीचा दगड काढला. हाताची खोड.
वरचा पत्रा खरा, जुना, काळसर गोड चांदीचा.
खालचं टोपण जर्मन.
एक पोवळं लाखेचं
आणि एक फिरोजा चक्क काच,
मागून निळा रंग भरलेली.
प्रयागला सांगितलं.
ती म्हणली, सांगू नका तिला. लांबून आणलंय.

गुजरीत खडा मिळेना.
संक्रांतीनंतर स्वेटरांच्या ताडपत्र्या उतरल्या,
"पुढच्या थंडीत" म्हणून ती गेली.
माझ्यावर एवढा भरवसा
माझ्या साडूनंही कधी ठेवला नाही.

फेब्रुवारीत उरूस भरला.
अंगठ्यांच्या ताटामागं खाजाभाई बसलेला.
"निशापुरी आहे," म्हणाला.
शपथ घेतली नाही, म्हणून खरं मानलं.
घरी येऊन जबड्यात बसवला तर
जुने हिरवट, पाणी साचलेल्या हौदासारखे,
आणि हा शाळेच्या पहिल्या दिवशीच्या
गणवेशासारखा निळा.
काढला. परत बसवला.
त्याच्याहून बरा मिळणार नव्हता.

मे महिन्यात एका दुपारी, लाईट गेलेली,
तिजोरीतून सुरी काढून पात्यावर अंगठा फिरवला.
धार नव्हती.
कधी लावलेलीच नव्हती.
कांदा कापला नसता तिनं.
कुणाचं तरी पत्र फोडल्यासारखं वाटलं,
गपकन म्यानात घातली.

दिवाळी झाली. ताडपत्र्या लागल्या.
देचेनबाई आली, गुडघ्याला पट्टा बांधून.
सुरी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली.
मी म्हणालो, रंग जरा...
"अंगावर राहिला की हिरवा होतो.
माणसाचं तेल लागतं त्याला."
मग नखानं दाखवत गेली :
हा आईचा. हाही.
हा सिलीगुडीला बसवला, भाऊ झाला त्या वर्षी.
हा म्हैसूरचा. काच आहे.
दुकानदार चांगला होता,
त्याच्याकडं तेवढंच होतं.
टोपण हुबळीचं.
मी कसोटीच्या दगडावर रुमाल टाकला.

नख जबड्याशी येऊन थांबलं.
"आणि हा?"
"परभणी," मी म्हणालो.
तिनं दोनदा म्हणून पाहिलं,
दुसऱ्यांदा 'भ' नीट आला.

मजुरी मी पुरती घेतली.
त्याच पैशात प्रयागनं तिच्याकडून
मरून रंगाचा स्वेटर घेतला,
चाळीस रुपये पाडून.