कापणीच्या सणाचा भोपळा

वाटूर फाट्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नाही.
दोन वर्षं, वर एक उन्हाळा.
कोर्ट म्हणालं, चूक तुमची नव्हती, आढाव.
डेपो म्हणाला, या परत, ड्युटी लावतो.
मी हात बघत बसायचो.
हातांना कोर्टाचं काही कळत नव्हतं.

तो सायकलवर होता. कॅरिअरला दुधाची किटली.
डांबरावरून दूध किती लांबवर जातं
हे ज्यानं पाहिलंय
त्याला पांढऱ्या रंगाचं काही सांगू नये.

दर रविवारी सुवार्ता पांढरी साडी नेसून
दारात उभी राहायची, चपला घालून, न बोलता.
घंटा व्हायची. ती निघायची.
मी खाटेवर पडून पत्र्याचे खिळे मोजायचो.
एकशे बारा. कधी एकशे अकरा.
देवाशी भांडण नव्हतं माझं.
भांडायला समोर कुणीतरी लागतं.

मग नोव्हेंबरात एकदा ती म्हणाली,
आज कापणीचा सण, बाकं उचलायला माणूस कमी आहे.
प्रार्थनेचं नावही काढलं नाही तिनं.
म्हणून गेलो. बाकांसाठी.

वेदीपुढं बाजरीची कणसं, मोसंबीची पाटी,
अंड्यांची परडी, सुतळीनं बांधलेला कोंबडा
(तो गीताच्या मध्येच आरवला),
आणि तबिथाबाई खरातचा भोपळा,
एका अंगानं चपटा,
जिकडून जमिनीला टेकला होता तिकडं अजून माती.

उपासना झाली, लिलाव लागला.
उपदेशात बसलेला पाळकसाहेबांचा आवाज
लिलावात चांगलाच सुटला.
भोपळा दोनशेला गेला. घेणाऱ्यानं तो परत वेदीवर ठेवला.
पुन्हा बोली. पुन्हा परत.
तीनदा विकला गेला, तीनदा आला माघारी.
चौथ्यांदा तबिथाबाईच ओरडली, एकवीस रुपये!
अहो बाई, तुमचाच आहे की तो.
दिला तवा माझा होता, आता इकत घेते.
पुढं कुणी बोललंच नाही. हसून हसून बाकं हलली.

मग ती माझ्याकडं वळली.
शमुवेल, नेऊन घाल मला वस्तीवर. जड हाय.
लिंबाखाली देवळाचा छोटा हत्ती उभा, किल्ली आतच.
मी म्हणालो, मी गाडी चालवत नाही, मावशी.
म्हणाली, भोपळ्याला येत न्हाई चालवता, म्हणून तुला सांगते.

तिला माहीत नव्हतं असं नाही.
अख्ख्या तालुक्याला माहीत होतं.

डाव्या पायाला क्लच आठवत होता.
चार किलोमीटर दुसऱ्या गिअरवर.
एक बैलगाडी आम्हाला मागं टाकून गेली.
कॉलर ओली, बोटं पांढरी,
प्रत्येक सायकल दिसली की पाय ब्रेकवर.
आणि शेजारी तबिथाबाई,
मांडीवर भोपळा, दोन्ही हातांनी धरलेला,
झोपली.
माझ्या गाडीत.
तोंड उघडं टाकून चक्क घोरायला लागली.

विश्वासावर मी पुष्कळ उपदेश ऐकलेत,
लहानपणापासून, मोहरीच्या दाण्यापासून.
हे घोरणं ऐकलं नव्हतं.
वस्ती आली तरी इंजिन बंद केलं नाही.
तिला उठवायचं जिवावर आलं.

आता रविवारी पहिली खेप वस्तीवरून, सात म्हातारी माणसं.
दुसरी कुष्ठधामावरून.
मंगळवारी भालेराव गुरुजींना जालन्याला, डायलिसिसला.
ते वाटेत शेतं मोजतात, मी ऐकतो.
मंठ्याकडं जाणं झालं तर फाट्यावर थांबतो.
खाली उतरतो.
त्या पोराचे वडील समोरच्या टपरीवर असतात.
अजून त्यांनी मान वर केलेली नाही.
का करावी?
मी थांबतो तरी.

मोठी प्रार्थना मला जमत नाही.
किल्ली फिरवताना एवढंच म्हणतो, बघ हं.
मागून कुणीतरी आमेन म्हणतं.
बहुतेक तबिथाबाई. झोपेत.