सहा भोकं

राजारामपुरी सातव्या गल्लीतनं
जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं, साडेचार हजाराला.
पंखा फिरला. पडदा काळाच.

आण्णा मागं येऊन उभारले.
चाळीस वर्षं उद्यमनगरात मोटारी भरल्या त्यांनी,
बोटांना अजून वार्निशचा वास.

"ही सहा भोकं मोकळी का?"
"लागत नसंल वायर. पंखा फिरतोय की."
"फिरतंय म्हंजे वढतंय व्हय रे?
एक फेज गेला तरी मोटर गुरगुरती,
जळायच्या आधी."

केबल आतच होती,
रबरबँडनं बांधून कोपऱ्यात सारलेली.
चष्मा न लावता त्यांनी अंगठ्यानं दाबली.
टक्.

उजेड आला
तो आधी त्यांच्या बनियनवर पडला.

मी काहीतरी म्हणणार होतो.
म्हणालो, "चहा टाकू?"

"अर्धा."