अर्धा नफा

वाशीला झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर
खानोलकरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
म्हणाले, वहिनी, अभिनंदन म्हणवत नाही,
पण यंदा तुम्हाला नफा झालाय.

मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाची फाईल उघडली.

नाव माझंच होतं. कुंदा मधुसूदन आंबेरकर.
कोपरखैरण्याचं घर, दोन हजार चार साली अकरा लाख,
बँकेच्या लिलावात एकाहत्तर.
वजा करा, म्हणाले.
मी चौथीपर्यंतच्या शिकवण्या घेते, वजाबाकी मला येते.
साठ.
घर दोघांच्या नावावर, म्हणून तीस तुमचे.

माझ्या नावावर तोवर फक्त गॅसचं कनेक्शन होतं.
घराच्या वेळी बँकेचाच माणूस म्हणाला होता,
वहिनींचं नाव घाला, कर्जाची पात्रता वाढते.
मी सही केली, पेढे वाटले.

आता आधी ह्यांच्या रबाळ्याच्या कारखान्याचं दिवाळं,
मग जामीनदार म्हणून ह्यांचं,
आणि शेवटी दारावर चिकटवलेला ताब्याचा कागद,
ज्याचा गोंद शेजारच्या पोराने नखाने खरवडून पाहिला.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
आमच्या घराला वासे नव्हते, स्लॅब होता.
तो जागच्या जागी राहिला. आम्ही फिरलो,
कळव्याला, भाड्याने.

पण पैसे तर बँकेने घेतले, मी म्हटलं.
बँकेने कर्ज वसूल केलं, ते म्हणाले.
कायदा असं धरतो की आधी पैसे तुम्हाला मिळाले,
मग तुम्ही त्यातून देणं फेडलंत.

कायद्याचं आपल्याबद्दल किती चांगलं मत असतं.

एकाहत्तर लाख आमच्या नावापुढून गेले,
भरलेली बस स्टॉपवर न थांबता जाते तसे.
आणि तिकीट मात्र आम्ही काढायचं.

घरात सुधारणा काही केलीत? त्यांनी विचारलं. खर्च वजा होतो.
केली ना. ओट्याला काळा ग्रॅनाईट, खिडक्यांना जाळ्या,
मोरीच्या फरशा दोनदा.
बिलं?
ग्रॅनाईटचं बिल तुर्भ्याच्या माणसाने
सिगारेटच्या पाकिटामागे लिहून दिलं होतं.
सुताराला रोख. त्या रोखीत माझ्या दोन बांगड्या.
खानोलकरांनी पेन खाली ठेवलं.
मी म्हटलं, राहू द्या, बांगड्यांचा रकाना नसेल.

मग जरा वेळाने, मान वर न करता,
एक मार्ग आहे, म्हणाले.
दोन वर्षांच्या आत या नफ्यातून दुसरं घर घेतलंत
तर कर माफ.

हे तेव्हा हसले.
ऑगस्टपासून पहिल्यांदा हसले,
खोकला येईपर्यंत.
मीसुद्धा. आणि खानोलकर घाबरून पाणी आणायला उठले.

ते आत होते तेव्हा मी स्क्रीन खाली सरकवली.
तिथे एक ओळ होती.
घेणाऱ्याने एक टक्का कापून आमच्या नावे सरकारात भरला होता,
निम्मा ह्यांच्या, निम्मा माझ्या.
पस्तीस हजार पाचशे.
घेणारी लिसी जोसेफ कुरियन.

इतके दिवस मी तिला नाव ठेवलं नव्हतं.
नुसती, ती लिलाववाली.
लिसी.
माझ्या नावावर कुणी काही भरलं,
असं आठवू लागले तर
हीच एक बाई आठवते.

खानोलकर पाणी घेऊन आले, आकडे सांगत राहिले,
हप्ते मागता येतील का, व्याज कुठून चढतं,
नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्यायचं.
मी मान हलवत होते.

माझ्या डोक्यात मात्र एवढंच,
की तिला कुणी सांगितलं असेल का,
ओट्याकडचा नळ उजवीकडे घट्ट पिळला तर गळतो.
थोडा अलीकडेच सोडायचा.
मग रात्रभर आवाज येत नाही.