ओळ सात, रोप एकोणीस

ट्रॉम्बेच्या चढावर जाळीघरात
सदाफुलीची दोन हजार रोपं.
यांच्या आईच्या बियांना आम्ही
कोबाल्टच्या किरणांसमोर धरलं होतं,
पुढे काय चुकतं ते बघायला.
‘चुकतं’ हा माझा शब्द.
वहीत ‘बदल’ लिहायचं असतं.

बदल बहुतेक मुकेच.
एखादं पान पिवळट,
एखाद्या फुलाला पाकळ्या चार,
एखादं बी उगवायचंच विसरलेलं.

हसुराम तांडेल पाणी घालतात.
कोळीवाड्यातून येतात, साडेसहाला,
बोटांना आदल्या रात्रीच्या करंदीचा वास.
तेच म्हणाले, मॅडम,
सातवीतल्या एकोणिसाव्याला अळी लागली.
त्या एकालाच.

वाकून पाहिलं. हिरवी, गुबगुबीत,
लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखी अळी.
शेजारच्या रोपांना तोंडही लावलेलं नाही.

पानाचा अर्क यंत्रात घातला.
जिथे आलेखाने सुळका काढायचा
तिथे ओहोटीची खाडी. सपाट.

सदाफुली आपलं विष दोन ठिकाणी ठेवते:
एक अर्धं पानाच्या पाठीवर, मेणात,
दुसरं आत, खोल पेशींत.
एका पानात राहून भेट नाही.
कुणी चावलं, पान फाटलं,
की मग दोघं एकमेकांना सापडतात.
एकोणिसाव्यात आतलं अर्धं बनलंच नव्हतं.
लांबलचक मजकुरात एक अक्षर बदललेलं,
आणि मधल्या पायरीवरचा कारागीर
हातात हत्यार नसलेला.
त्याच्या मागे कच्च्या मालाचा ढीग.

कारलं तुपात तळा, साखरेत घोळा, म्हणतात.
इथे ना तूप ना साखर,
एका अक्षराने कडूपणा गेला.

‘म्हणजे याच्यात औषध नाही?’
नाही.
‘मग उपटू?’

त्यांचा नातू परळला दोन वर्षं होता,
हे मला पुढे दुसऱ्याच कुणाकडून कळलं.
त्या दिवशी इतकंच जाणवलं
की औषधाचं नाव
ते माझ्यापेक्षा सावकाश उच्चारतात,
एकेक अक्षर ठेवून,
जसं सलाइनमधून पडतं तसं.

उपटू नका, म्हटलं.
चोरी झाल्यावरच कळतं ना,
घरात काय होतं, कुठल्या फडताळात?
हे रोप ते फडताळ दाखवेल.

ते काही बोलले नाहीत.
सोमवारी येऊन बघते तर
एकोणिसाव्यावर जाळं.
जवळा धरायचं, बारीक विणीचं,
जुन्या डोलीतून कापलेला तुकडा,
चार काठ्यांना ताणलेला.
‘कडू नाही ना ते,’ म्हणाले,
‘त्याला कुणीतरी पाहिजे.’

गाठ त्यांच्या हातची आहे.
मला अजून सुटत नाही.
पान हवं असलं की
त्यांना हाक मारावी लागते.